आभार मानून झाल्यावर

भात कापून नेलं की मागे उरलेल्या शेताला एक वास येतो. चिखलाचा म्हणावा तर चिखल सुकलेला असतो, गवताचा म्हणावा तर मुळं अजून ओली असतात. आज सकाळी खिडकी उघडली आणि तो वास घरात शिरला. चिपळुणात आमच्या इमारतीभोवती आता शेत असं उरलेलं नाही, नदीपलीकडून कुठून तरी येत असणार. पण आला, आणि मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. कापणीचे दिवस आले की माझं डोकं फिरतं. गुडघे गेले, दात गेले, डोकं फिरायचं काही गेलं नाही. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी निवले नाही, आणि निवायचा विचारही नाही.

ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षं आम्ही पोफळीला काढली. हे वीजघरात होते. डोंगराच्या पोटात वीजघर, पायथ्याशी आमची वसाहत, आणि डोक्यावर कुंभार्लीचा घाट. पाळी बदलायची वेळ झाली की बस यायची, डबे घेतलेली माणसं चढायची आणि बोगद्यात दिसेनाशी व्हायची. आत धरणाच्या पाण्यावर मशीन चालली की ते पाणी खाली नदीला मिळायचं. त्यामुळे भर मे महिन्यातही आमच्या वाशिष्ठीला पाणी असायचं. मी नगरकडची, दुष्काळी मुलखातली. उन्हाळ्यात वाहणारी नदी मी तिथंच पहिल्यांदा पाहिली आणि कितीतरी दिवस मला ती खोटीच वाटली.

पावसाचे चार महिने काढणं सोपं नव्हतं. चादरींना बुरशी, मीठ पाघळलेलं, काडेपेटी स्टोव्हजवळ शेकल्याशिवाय पेटायची नाही. मग एका सकाळी आश्विनाचं ऊन पडायचं आणि डोंगर एकदम जवळ आल्यासारखा वाटायचा. शेजारच्या क्वार्टरमधली सुमनवहिनी त्याच भागातली. तिचं सासर शिरगावला, तिथं त्यांची भातशेती. कापणीला ती मलाही ओढून न्यायची.

"चल गो, घरात बसून काय करतंस? इळा धराया शिक."

मी शिकले. भाताचा मूठभर बुंधा डाव्या हातात धरायचा, उजव्यानं विळा ओढायचा, की 'खर्रर्र' असा आवाज येतो. पाती हाताला कापतात, घाम त्यात झोंबतो. दुपारी बांधावर बसून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खायची. बायकांच्या ओळीत मी एकटीच ख्रिस्ती, एकटीच घाटावरची, पण त्या बांधावर मला कधी परकं वाटलं नाही. देवाचे आभार मानायचे तर तिथंच मानावेत असं वाटायचं. आणि मी मानायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून मला कृतघ्न म्हणणारे पुष्कळ भेटले.

एका वर्षी मात्र मी कापणीला गेले नाही. आमची सरोज तेव्हा सहा वर्षांची. गणपती गेले आणि तिला ताप आला. वसाहतीतल्या दवाखान्यात औषध घेतलं, उतरला, पुन्हा चढला. मग चिपळूणला दाखवलं. विषमज्वर. पोरीला दवाखान्यात ठेवून घेतलं. दिवसामागून दिवस ती पडून होती. केस गळाले, ओठांना पापुद्रे आले. तिला हाक मारली की ती माझ्याकडे बघायची, पण मागच्या भिंतीकडे बघितल्यासारखी.

एका दुपारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "आता आतड्याची भीती आहे. दोन दिवस फार जपायला हवं," एवढंच म्हणाले. मी व्हरांड्यात गेले. लोखंडी जाळी दोन्ही हातांनी धरली आणि प्रार्थना केली. लहानपणापासून करत आले होते. शब्द तोंडात तयार होते. एकही अडखळला नाही. आणि ते म्हणता म्हणता मला लख्ख जाणवलं की मी जाळीशी बोलते आहे. देवानं नकार दिला असं वाटलं असतं तरी चाललं असतं, नकार द्यायला कुणीतरी असावं लागतं. तसंही नव्हतं. समोर कुणी नव्हतंच. रस्त्यावरून एक केळीवाला गेला. ऊन होतं. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, यावेळी रडून. तरीही तसंच.

आणि दोन दिवसांनी ताप उतरला. सरोजनं पेज मागितली. मागून दोन वाट्या प्यायली.

सगळे म्हणाले, देव पावला. सुमनवहिनी म्हणाली, वॉर्डातली आया म्हणाली, आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळे म्हणाले. मीही म्हणाले. खोटं नव्हतं ते. पोरगी घरी आली, तिच्या डोक्यावर पुन्हा मऊ मऊ केस यायला लागले, मी त्या केसांवरून हात फिरवायची आणि मला आभारानं भरून यायचं. पण त्या भरलेल्या मनाच्या तळाशी तो व्हरांडा तसाच होता, रिकामा.

यांची आई नगरहून आली होती, सरोजसाठी. सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. लहानखुरी, ताठ, कपाळ कोरं, हातात एक-एक बांगडी. पहाटे उठून गाणी म्हणायची आणि गाणी म्हणतच भांडी घासायची. मला वाटायचं, सवय आहे ही, दुसरं काय.

वसाहतीत आमची ख्रिस्ती घरं सहा-सात. देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. शाळेची एक खोली रविवारी सकाळी आम्हाला मिळायची. महिन्यातून एकदा चिपळूणहून पाळक, आमचे धर्मगुरू, यायचे. एरवी आम्हीच पेटी-तबला घेऊन गाणी म्हणायचो, कुणीतरी बायबलातलं शास्त्र वाचायचं. पाळक चांगले होते. भर पावसात एसटीनं यायचे, निथळत्या छत्रीसकट दारात उभे राहून आधी मुलांची विचारपूस करायचे. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचे.

कार्तिकात कापणीचा सण आला. मास्तरांच्या टेबलावर भाताच्या लोंब्या, लाल भोपळा, काकड्या, कणगरांचे कंद, शहाळी. कुणीतरी दिलेली कोंबडी बाकाखाली पाय बांधून ठेवली होती, ती गाण्याच्या मध्ये मध्ये ओरडत होती. फळ्यावर शनिवारची गणितं तशीच होती. उपकारस्तुती, म्हणजे देवाचे जाहीर आभार, या वेळी आमच्याकडून, सरोजसाठी. पाळक म्हणाले, "आता सुशीलाबाई साक्ष देतील. प्रभूनं त्यांच्या घरी केवढं मोठं काम केलं, ते आपण त्यांच्याच तोंडून ऐकू."

मी उठले. काय बोलायचं ते मनात ठरलेलं होतं, सगळे बोलतात तेच. सरोज पुढच्या बाकावर बसली होती. ते आखूड केस बघितले आणि मला ते ठरलेलं बोलवेना.

मी म्हटलं, "माझी मुलगी बरी झाली. देवाचे आभार मानते. मरेपर्यंत मानीन. पण एक सांगते. ती आजारी असताना मी दवाखान्यात प्रार्थना केली तेव्हा तिथं कुणी नव्हतं. देव मला पावला, पण मला भेटला नाही. आजवर कधीच भेटला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं जे दिलं ते मला मिळालं. आता मला तो हवा आहे. तुम्ही माझ्यासाठी तेवढी प्रार्थना करा."

बाकाखाली कोंबडी ओरडली.

पाळक उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "बाई," ते हळू म्हणाले, "तुमच्या मुलीसाठी मी उपास केले होते."

ते मला माहीत नव्हतं. मला फार लागलं ते. मी म्हटलं, "म्हणून मी तुमचे पाय धरते, साहेब. पण तुमच्या उपासाला जो भेटला तो माझ्या रडण्याला का भेटला नाही, हे मी विचारणार."

"मिळालं त्यात समाधान मानावं, बाई. अजून हवं, अजून हवं, हे बरं नाही." मग त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थनेत म्हणाले, "प्रभू, आमच्या बहिणीच्या मनातला कडूपणा काढून टाक." सगळे म्हणाले, आमेन. मी म्हणाले नाही.

समाधान मानावं. हा शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकते आहे. माझे आजोबा गावाबाहेरच्या वस्तीतले. मिशनच्या शाळेत गेले, अक्षर शिकले, अंगात कोट आला, नावाला मान आला. त्याबद्दल ते जन्मभर हात जोडून उभे राहिले, शाळेपुढं, साहेबापुढं, देवापुढं. वडील मास्तर झाले, तेही हात जोडून. आमच्या घराण्यात पोरांना चालायच्या आधी आभार मानायला शिकवायचे. आणि खरं आहे, पुष्कळ मिळालं. त्यातलं काहीही मी नाकारत नाही. आजोबांच्या त्या कोटाला मी अजूनही मनातल्या मनात नमस्कार करते. पण आभार मानणारा माणूस नेहमी दारात उभा असतो. त्याला शिधा मिळतो, जुने कपडे मिळतात, 'बरं आहे ना?' अशी चौकशीही होते. घरातली माणसं मात्र आभार मानत नाहीत, ती आत येतात, ताट वाढून घेतात, रुसतात, भांडतात. तीन पिढ्या दारात उभं राहून झालं होतं. मला आत यायचं होतं. यात कडूपणा कुठला?

घरी आल्यावर आत्याबाईंनी पदर कमरेला खोचला.

"देवानं पोर पदरात घातली परत, आन् तू चारचौघांत त्याला नाव ठिवतीस? मला तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाईस."

हे सायकल पुसत होते. यांचं नाव शांतवन, आणि स्वभावही नावासारखाच. आईचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाले, "ती चांगलं बोलली का वाईट, मला कळत नाही. पण खोटं नाही बोलली." आणि पुन्हा सायकल पुसायला लागले. त्या एका वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले.

कारण दिवस कठीणच होते. बायकांच्या मंडळात गाणी मी सुरू करायची, ती दुसरीकडे गेली. "तुमचं मन बरं नाही ना सध्या," असं सांगून, फार गोडीत. नळावर बोलणं तेवढ्यापुरतं उरलं. पाळकांनी यांच्याकडे निरोप दिला, पुढच्या खेपेला बाईंनी उभं राहून नीट साक्ष द्यावी, म्हणजे विषय मिटेल. मी म्हटलं, "नीट म्हणजे कशी? तीच देईन."

दुपारी सगळी वसाहत झोपलेली असायची, तेव्हा मी मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. शब्द म्हणायचे नाहीत असं ठरवलं होतं, शब्द मला फार सहज येत होते. नुसती बसायची. समोर पेंढ्याची उडवी रचलेली, पलीकडे डोंगर, आणि पाण्याचा आवाज. काही व्हायचं नाही. मुंग्या यायच्या.

एकदा सुमनवहिनी तांदूळ निवडायला सूप घेऊन आली. "काय करतंस गो रोज हितं?"

"वाट बघते."

"कुनाची?"

"देवाची."

तिनं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "आमचा देव डोंगरावर हाय, तवा आमी जाताव. तुझा हितं येनार हाय?"

"माहीत नाही."

"मंग मी पन बसतंय," ती म्हणाली, आणि खडे वेचायला लागली. त्यानंतर ती बऱ्याचदा आली. तिनं मला काही समजावलं नाही, काही विचारलं नाही. मंडळीतल्या कुणी केली नाही एवढी सोबत तिनं मला केली, हे मी त्याच वेळी सगळ्यांना सांगितलंही. ते आणखी कुणाला आवडलं नाही.

आत्याबाई माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. एका दुपारी त्या पायरीशी आल्या आणि मागं उभ्या राहिल्या. मी न वळता विचारलं, "आत्याबाई, तुम्हाला भेटला का हो कधी?"

"भेटला म्हंजी?"

"भेटला म्हणजे भेटला. गाणी म्हणता त्याची इतकी."

त्या रागावल्या. माझ्या शेजारी बसल्या त्या रागातच. "दुष्काळ पडला तवा म्या खडी फोडायला जायची. शांतवनचा बाप तवाच गेलेला. ऊन असं का दगडाला हात लावला तर चटका. दोन पोरं घरात. म्या फोडत व्हते आन् तो शेजारी व्हता. त्याला काय भेटनं म्हंत्यात व्हय? शेजारी व्हता. आपुन फोडतूय, त्योबी फोडतूय."

एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. जणू कुणी शेजारणीबद्दल विचारावं आणि त्यांनी सांगावं, इतकं साधं.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हेवा. जळजळीत हेवा. भांडी घासताना म्हटलेली ती गाणी सवयीची नव्हती तर. ही बाई इतकी वर्षं माझी सासू असून ते बोलली नव्हती, आणि मला मात्र समाधान मानायला सांगत होती.

"मग मला का नाही?" मी म्हटलं. "तुमच्याजवळ आहे तर मला द्या."

"ते काय लोनचं हाय, बरनीतून काढून द्यायला?"

"तर मग मला गप्प बस म्हणू नका."

त्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. मी तशीच बसून राहिले, रागावलेली. माझं रडणं त्या व्हरांड्यात संपलं होतं, आता फक्त हट्ट उरला होता.

नाताळच्या आधीच्या रविवारी पाळक आले. थंडी पडली होती, शाळेच्या खिडक्या बंद. दानार्पणाच्या आधी ते म्हणाले, "सुशीलाबाईंना काही सांगायचं आहे." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हे मागच्या बाकावर, रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल.

मी उभी राहिले. "मागच्या वेळी बोलले त्यानं पाळकसाहेबांचं मन दुखावलं, त्याचं मला वाईट वाटतं. त्यांचे उपकार आहेत. पण जे बोलले ते मी परत घेत नाही. मी आभारी आहे, आणि माझं पोट भरलेलं नाही. दोन्ही खरं आहे."

पाळकांनी हात वर केला. "बाई, पुरे. खाली बसा. देवापुढं असा हट्ट..."

"बसनार न्हाई ती," पुढच्या बाकावरून आवाज आला.

आत्याबाई उभ्या राहिल्या होत्या. त्या खोलीत बायका पुरुषांचं बोलणं मध्येच तोडत नसत, आणि पाळकांचं तर कुणीच नाही. डोक्यावरचा पदर त्यांनी नीट केला.

"साहेब, तुमी लई शिकल्यालं. मला अक्षर येत न्हाई. पर मागा, असं त्यानंच सांगितलंय का न्हाई? का नुसतं लुगडं-भाकरच मागा म्हनला? ही त्यालाच मागती. मागू द्या. तिला गप केली तर उद्या माझ्या नातीला कोन मागायला शिकवंल?" मग माझ्याकडे वळून, तितक्याच रागानं, "आन् तू. मागतीस तर नीट माग. तोंड पाडून काय मागतीस? हक्कानं माग."

पाळकांना पटलं असं मी म्हणणार नाही. पुढं कितीतरी वर्षं ते माझ्याशी जपूनच बोलत. पण त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. शास्त्र मिटलं आणि म्हणाले, "गाणं घेऊ या." पेटीवर बसलेल्या बाईनं माझ्याकडे बघितलं. मी सुरू केलं. वरच्या पट्टीत लावलेला आवाज खाली आणला नाही.

पुढं मला देव भेटला का, असं विचारतात लोक. दिव्य प्रकाश वगैरे काही नाही. आत्याबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांना भरवताना, एकदा ऐन उन्हात नदीवर चादर पिळताना, अशा काही वेळा शेजारी कुणीतरी आहे असं वाटलं. वळून बघायचं धाडस झालं नाही, वळले तर जाईल असं वाटलं. मग वर्षानुवर्षं पुन्हा काही नाही. तेवढ्यावर समाधान मानते का? मानत नाही. आभार मानते. ते वेगळं.

हे गेले, आत्याबाई त्याआधीच गेल्या. सुमनवहिनी शिरगावला असते, तिलाही आता शेतात उतरवत नाही. मी चिपळूणच्या मंडळीत जाते. तिथले पाळक माझ्या नातवाच्या वयाचे. काल येऊन म्हणाले, "आजी, रविवारी कापणीच्या सणाला तुम्ही दोन शब्द बोलायचे. देवानं आयुष्यभर केलेल्या उपकारांबद्दल." आणि जाता जाता दारात थांबून, "थोडक्यात हं." कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं दिसतंय.

आज सरोजचा फोन आला, पुण्याहून. तिलाही कळलं होतं.

"आई, या वयात तरी तिथं उभी राहून देवाशी भांडू नकोस."

"भांडणार," मी म्हटलं. "आभार आधी मानीन, सगळ्यांची नावं घेऊन, तुझंही. मग भांडीन. परक्याशी कुणी इतकी वर्षं भांडतं का गं?"

ती हसली. मग म्हणाली, "थांब, मी शनिवारी येते. मलाही ऐकायचंय."